सिएरा लिओनच्या जंगलात पहिल्यांदा जाताना : बुटका पाणघोडा, डायना माकड आणि टक्कल असलेला पक्षी

2024 साली थायलंडमधल्या एका प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या मू डेंग नावाच्या पिल्लाने जगाला वेड लावलं, आणि बुटका पाणघोडा घरोघरच्या मोबाइलवर पोचला. त्याचं खरं घर मात्र पश्चिम आफ्रिकेत आहे. लायबेरिया, सिएरा लिओन, गिनी आणि आयव्हरी कोस्ट या चार देशांतल्या पावसाळी जंगलांत मिळून जेमतेम 2,000 ते 2,500 बुटके पाणघोडे उरले असावेत, असा आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेचा अंदाज आहे. नायजेरियातली त्यांची उपजात तर बहुधा कायमची संपली.

या चारांपैकी नवख्या माणसाने आधी कुठे जावं असं कुणी विचारलं, तर मी सिएरा लिओन सांगेन. देश आकाराने महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान आहे, राजधानी फ्रीटाउनपासून जंगलापर्यंत एका दिवसात पोचता येतं, आणि तिवाई बेट व गोला जंगल ही जोडी 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली आहे. या देशातलं हे पहिलंच वारसास्थळ. आपल्याकडे सिएरा लिओनचं नाव निघालं की हिरे आठवतात, किंवा 2000 सालचं भारतीय शांतिसैनिकांचं ऑपरेशन खुकरी. ते ज्या कैलाहून भागात झालं, तो याच पूर्वेकडच्या जंगलपट्ट्याचा शेजार.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. पाच ठिकाणांची धावती सहल आखू नका. दोन ठिकाणं निवडा आणि तिथे मुक्काम ठोका. खाली क्रमाने जे लिहिलंय, ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिली पायरी : काय दिसणार, हे नीट समजून घ्या

ताडोबाची सवय असलेल्या माणसाला हे जंगल सुरुवातीला रिकामं वाटतं. इथे जिप्सी नाही, पाणवठ्यावर ठाण मांडून बसलेला वाघ नाही, मोकळं गवताळ रान नाही. चाळीस-पन्नास मीटर उंच झाडं, खाली कायम अर्धा अंधार, आणि प्राणी एक तर डोक्यावर फार उंच किंवा रात्री फिरणारे. इथे कानाने पाहायचं असतं. हे मनाशी पक्कं केलंत तर निम्मी निराशा टळते.

मग यादीचे तीन भाग करा. पहिला भाग जवळपास नक्की दिसणाऱ्यांचा: डायना माकड, तांबडा कोलोबस, काळा-पांढरा कोलोबस, कॅम्पबेलचं माकड आणि सूटी मँगाबे, अशी सगळी माकडंच. यातले बरेचसे आययूसीएनच्या लाल यादीत संकटग्रस्त आहेत, तरीही तिवाईवर दोन-तीन दिवस राहिलात तर त्यांच्याशी गाठ पडते. दुसरा भाग थोडं नशीब आणि पुष्कळ चिकाटी लागणाऱ्यांचा: पांढऱ्या मानेचा पिकाथार्टीस (शीर्षकातला टकला पक्षी तो हाच), पिवळ्या शिरस्त्राणाचा धनेश, पांढऱ्या छातीची गिनी कोंबडी. तिसरा भाग खुणांवर समाधान मानण्याचा: बुटका पाणघोडा, जंगली हत्ती, खवले मांजर, आणि मोकळ्या रानातला चिंपांझी.

चिंपांझीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. इथला चिंपांझी हा पश्चिमी उपजातीचा. 1990 ते 2014 या काळात या उपजातीची संख्या सुमारे 80 टक्क्यांनी घटली आणि 2016 मध्ये तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. सिएरा लिओनने 2019 मध्ये चिंपांझीला राष्ट्रीय प्राणी घोषित केलं. तरीही ज्याला पिढ्यान् पिढ्या माणसाच्या बंदुकीची ओळख आहे, तो प्राणी माणसाचा वास आला की निघून जातो. तो तुम्हाला दिसला नाही, तर त्यात त्याचंच भलं आहे.

दुसरी पायरी : महिना ठरवा

मे ते ऑक्टोबर इथे पाऊस असतो, आणि तो आंबोलीच्या पावसाला लाजवणारा नसला तरी त्याच घराण्यातला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कच्चे रस्ते तुटतात, नदी फुगते. नवख्याने नोव्हेंबर ते एप्रिलमध्येच जावं. त्यातही मी नोव्हेंबर-डिसेंबर निवडेन. पाऊस नुकताच सरलेला असतो, जंगल ओलं असतं, आणि चिखलात पावलांचे ठसे स्पष्ट उमटलेले असतात. जानेवारी-फेब्रुवारीत सहाराकडून येणारे हरमॅटन वारे धूळ आणतात. हवा कोरडी आणि सुखाची होते, पण आकाश धुरकट राहतं, फोटो फिके येतात.

तिसरी पायरी : लस, औषधं, कागद

पीतज्वराची लस घेतल्याशिवाय पुढचं काहीही ठरवू नका. ती केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच मिळते, तारखा आधी घ्याव्या लागतात, आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी ती ग्राह्य धरली जाते. मिळणारं पिवळं कार्ड आता आयुष्यभर चालतं. हे कार्ड तिकडे उतरताना लागतं आणि परतताना त्याहून जास्त लागतं. कार्ड नसेल तर भारतातल्या विमानतळावरून तुम्हाला थेट विलगीकरणात नेलं जाऊ शकतं. पासपोर्टच्या आतच ठेवा.

मलेरिया इथे बारमाही आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या, किती दिवस आधीपासून आणि परतल्यावर किती दिवस घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचारून ठरवा आणि कोर्स अर्धवट सोडू नका. परत आल्यावर काही आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'मी पश्चिम आफ्रिकेतून आलोय' हेच सांगा. पूर्व भागात लासा ताप हा उंदरांमुळे पसरणारा आजारही आहे. म्हणून खाण्याच्या वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या, तंबूत उघडं अन्न ठेवायचं नाही.

व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात. निघण्याआधी अधिकृत ठिकाणीच खात्री करा. भारतातून थेट विमान नाही. इस्तंबूल, नैरोबी किंवा कासाब्लांकामार्गे जावं लागतं. पैसे रोख न्या. शहराबाहेर कार्ड चालेल असं धरू नका. 2022 मध्ये लिओन या चलनातली तीन शून्यं काढून टाकली गेली, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतल्या किमती वाचून घाबरू नका आणि जुन्या नोटा कुणी देऊ केल्या तर घेऊ नका.

चौथी पायरी : पिशवीत काय

8×42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि 42 मिलिमीटर भिंगाची दुर्बीण. उंच झाडांत, कमी उजेडात हीच कामाला येते. जास्त ताकदीची दुर्बीण हलते आणि अंधार दाखवते. लाल उजेडाची सोय असलेला डोक्याचा टॉर्च. पूर्ण बाह्यांचे, मळखाऊ रंगाचे सुती कपडे, आणि पँट मोज्यात खोचता येईल असे लांब मोजे. इथल्या लष्करी मुंग्यांची रांग ओलांडताना त्या मोज्यांचं महत्त्व कळतं. कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पिशवी, दोन जादा बॅटऱ्या, पॉवर बँक.

शाकाहारी मंडळींनी भाजणी, मेतकूट, सुका खाऊ बरोबर घ्यावा. भात हे इथलं रोजचं जेवण आहे, ही आपल्या सोयीची गोष्ट. पण कसाव्याच्या पानांच्या कालवणात सुकी मासळी हमखास असते, आणि ती वेगळी काढा म्हटलं तरी चव राहतेच. केळ्याचे काप, शेंगदाणे, पाव मिळतात. तेवढ्यावर दिवस निघतात.

पाचवी पायरी : फ्रीटाउनमध्ये एक-दोन दिवस

विमानतळ लुंगी नावाच्या गावी, म्हणजे खाडीच्या पलीकडे. तिथून वेगवान बोटीने शहरात यायचं. रस्त्यानेही येता येतं, पण फार मोठा वळसा पडतो.

शहराच्या पाठीशी असलेल्या डोंगरांत टाकुगामा हे चिंपांझी अभयारण्य आहे. मूळचे श्रीलंकेचे बाला अमरसेकरन यांनी 1995 मध्ये ते सुरू केलं. त्याआधी 1988 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने एका खेड्यात विकायला बांधून ठेवलेलं चिंपांझीचं आजारी पिल्लू विकत घेऊन वाचवलं होतं. त्याचं नाव ब्रूनो. आज तिथे शंभरावर चिंपांझी आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांची आई शिकारीत मारली गेलेली आहे. एक पिल्लू बाजारात येतं तेव्हा त्यामागे त्याच्या कळपातले बरेच जीव गेलेले असतात, हे तिथे गेल्यावर आकड्यांविना कळतं.

पण आधी चौकशी करा. अभयारण्याच्या भोवतीचं जंगल बेकायदा बांधकामासाठी तोडलं जात असल्याच्या निषेधार्थ टाकुगामाने 2025 च्या मे महिन्यात पर्यटकांसाठी दार बंद केलं. दार बंद असेल तर आत जाण्यासाठी ओळखी शोधू नका. उत्पन्नावर पाणी सोडून त्यांनी ते पाऊल उचललं आहे, त्याचा मान राखायला हवा. देणगी मात्र बाहेरूनही देता येते.

सहावी पायरी : तिवाई बेट

फ्रीटाउनहून बो शहरापर्यंत चांगला डांबरी रस्ता आहे. पुढे तांबड्या मातीचा. चारचाकी मजबूत हवी आणि चालक त्या वाटेचा माहीतगार हवा. अख्खा दिवस प्रवासाला द्या, रात्रीचा प्रवास टाळा. मोआ नदीच्या काठी कांबामा गावात गाडी थांबते आणि तिथून छोट्या होडीने बेटावर जायचं.

बेट आहे फक्त 12 चौरस किलोमीटरचं, आणि त्यावर 11 जातींची माकडं व त्यांचे भाऊबंद राहतात. एवढ्याशा जागेत इतकी विविधता जगात फार थोड्या ठिकाणी आहे. बेटाची मालकी दोन्ही काठांवरच्या बारी आणि कोया या दोन चीफडमची, म्हणजे पारंपरिक प्रमुखांच्या अखत्यारीतल्या मुलखांची. 1980 च्या दशकात इथे संशोधन सुरू झालं, 1987 मध्ये बेटाला संरक्षण मिळालं, आणि 1991 ते 2002 च्या यादवी युद्धात सगळं उद्ध्वस्त झालं. नंतर गावकऱ्यांनीच ते पुन्हा उभं केलं. संशोधकांनी आखलेल्या पायवाटांच्या जाळ्यावरूनच आजही फेऱ्या होतात.

सकाळी साडेसहाच्या आत निघा. वाटाड्या गावचाच असतो, त्याच्या मागे दोन पावलं राहा आणि तो थांबला की थांबा. माकडांचे मिश्र कळप एकत्र फिरतात, त्यामुळे एक जात सापडली की मागोमाग तीन-चार सापडतात. डायना माकड ओळखायला सोपं: काळसर अंग, पाठीवर गडद तांबूस पट्टा, पांढरी टोकदार दाढी आणि मांडीवर पांढरी तिरकी रेघ. तांबडा कोलोबस वरच्या फांद्यांवर, पाय लोंबकळत सोडून बसलेला दिसतो. त्याच्या हाताला अंगठा जवळपास नसतोच. सगळ्यात लाजरा तो ऑलिव्ह कोलोबस. तो डायना माकडांच्या कळपाच्या आडोशाने राहतो, आणि त्याची मादी नवजात पिल्लाला तोंडात धरून नेते. माकडांमध्ये ही रीत दुसऱ्या कुणाची नाही. डायनांचा कळप सापडला की खालच्या दाट वेलींत दुर्बीण लावून दहा मिनिटं शांत थांबा. ऑलिव्ह कोलोबस असेल तर तिथेच असेल.

आता कान उघडे ठेवा. कॅम्पबेलच्या माकडाचा नर 'क्राक' असा कोरडा, तुटक आवाज काढतो. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात तो आवाज बिबट्यासाठी असतो. तिवाईवर बिबटे कित्येक दशकांपासून नाहीत, आणि इथली त्याच जातीची माकडं 'क्राक' कोणत्याही धोक्यासाठी वापरतात. गरुड आला तर मात्र दोन्हीकडे 'होक'. 2014 मध्ये या फरकावर सविस्तर संशोधन प्रसिद्ध झालं. हे माहीत असलं की जंगलातला प्रत्येक आवाज बातमी होतो. 'होक' ऐकलात तर खाली पाहू नका, वर पाहा. मुकुटधारी गरुड झाडांच्या शेंड्यांवरून गेलेला असू शकतो.

बेटावरच्या चिंपांझींनी दगडाने कठीण कवचाची फळं फोडल्याची नोंद आहे. वाटाड्याला तसे दगड दाखवायला सांगा. वर खोलगट झिजलेला दगड आणि भोवती कवचांचा चुरा, ही खूण. दगड उचलू नका, हलवूही नका. ते त्यांचं चालू हत्यार आहे.

आणि पाणघोडा. त्याच्यासाठी रात्रीची होडीफेरी असते. ती जरूर करा, पण दिसेलच असं मनात धरू नका. हा प्राणी एकटा राहतो, रात्री चरतो, दिवसा पाण्यात किंवा काठच्या बिळासारख्या जागेत दडतो. वजन साधारण 180 ते 275 किलो, उंची मीटरभराच्या आत. मोठ्या पाणघोड्याशी गल्लत होण्याचं कारणच नाही. त्याच्या खुणा मात्र दिवसाउजेडी शिकता येतात. पहिली: झुडपांतून गेलेला, कमरेएवढ्या उंचीचा बोगदा. दुसरी: काठच्या चिखलात चार बोटं फाकलेला ठसा. तिसरी: पानांवर उडालेली विष्ठा, कारण तो शेपटीने ती फटकारून पसरवतो. हे तिन्ही एका ठिकाणी सापडले, तर तुम्ही त्याच्या रोजच्या वाटेवर उभे आहात. फोटो काढा, पट्टी किंवा पेन शेजारी ठेवून माप दाखवा आणि लगेच बाजूला व्हा. तिथे रेंगाळलात तर तो वाट बदलतो.

सातवी पायरी : गोला जंगल

गोलाचं कार्यालय केनेमा शहरात आहे. परवाना, वाटाडा, मुक्काम हे सगळं तिथूनच ठरवा, परस्पर गाडी घेऊन जंगलाच्या काठच्या गावात जाऊ नका. 710 चौरस किलोमीटरचं हे जंगल 2011 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि सीमेपलीकडे लायबेरियाचं गोला राष्ट्रीय उद्यान त्याला लागून आहे. एकेकाळी इथे लाकूडतोड जोरात होती. आता कार्बन क्रेडिट, म्हणजे जंगल राखून हवेत जाण्यापासून रोखलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं, विकून येणाऱ्या पैशातून रखवालदारांचे पगार होतात, भोवतीच्या सात चीफडमना वाटा मिळतो, आणि जंगलकाठच्या शेतकऱ्यांचा कोको चांगल्या भावाने विकला जातो. जंगल राखलं तर घरात काय येतं, याचं रोकडं उत्तर गावाला मिळतंय. म्हणूनच मी म्हणतो की तुमचे पैसेही गावातच खर्च व्हायला हवेत. वाटाडा गावचा, स्वयंपाक गावचा, मुक्काम गावाजवळचा.

गावात पोचल्यावर आधी प्रमुखाला भेटायचं, येण्याचं कारण सांगायचं, लहानशी भेट द्यायची. काय द्यावं हे वाटाड्याला विचारा. क्रिओ या इथल्या बोलीभाषेतले दोन-चार शब्द पाठ करा. 'कुशे' म्हणजे नमस्कार, 'आव दी बॉडी?' म्हणजे कसं काय, 'तेंकी' म्हणजे आभार. एवढ्याने चेहरे खुलतात.

इथलं खरं वैभव पिकाथार्टीस. डोकं पूर्ण टकलं आणि पिवळंधमक, मागे दोन काळे गोल डाग, मान-छाती पांढरी, पाठ राखट काळी, आणि लांब पायांवर उड्या मारत चालण्याची लकब. पुढे झुकलेल्या कातळाच्या पोटाला तो चिखलाचं वाडग्यासारखं घरटं चिकटवतो. पावसाची झोड आणि चढून येणारे शत्रू, दोन्हीपासून कातळच त्याला वाचवतो. असे कातळ थोडे, म्हणून पक्षीही थोडे. जंगल कापलं गेलं की कातळ उरतो, पण त्याचं खाणं संपतं.

त्याला पाहण्याची रीत अशी. दुपारी तीनच्या सुमारास वाटाड्याबरोबर जागेवर पोचा. कातळापासून लांब, वाटाडा दाखवेल तिथेच बसा. बोलणं बंद, फोन बंद, चमकदार कपडे नकोत. पक्षी सूर्यास्ताच्या आधी परततात, आणि विणीचा हंगाम नसला तरी बरेचदा मुक्कामाला कपारीतच येतात. आधी पानांवर हलकी खसखस ऐकू येते, मग एखादा पक्षी खालच्या फांदीवर येऊन मान तिरकी करून तुमच्याकडे बघतो. त्या वेळी कॅमेरा झटकन उचलू नका. फ्लॅश कधीच नको, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बोलावणंही नको. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील आणि पक्षी आत जायला कचरत असेल, तर उठा आणि निघा. वाटाडा संकोचाने काही बोलणार नाही, निर्णय तुम्हीच घ्यायचा.

पहाटे धनेशांसाठी वेळ काढा. पिवळ्या शिरस्त्राणाच्या धनेशाच्या पंखांचा घुमणारा आवाज तो दिसण्याआधीच येतो. कोकणात धनेश पाहिलेल्यांना तो लगेच उमगेल. जमिनीवर झेब्रा डायकर हे पाठीवर काळे पट्टे असलेलं लहान हरीण कधी तरी वाट ओलांडून जातं. हत्ती आहेत, पण मोजके, आणि त्यांच्या मागावर हौसेने जाऊ नये.

आठवी पायरी : हाताशी जादा दिवस असतील तर

उत्तरेला औटांबा-किलिमी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे रान मोकळं होतं आणि नदीत मोठे पाणघोडे होडीतून दिसतात. किनाऱ्यावर आणि शेरब्रोच्या बाजूच्या बेटांवर समुद्री कासवं अंडी घालतात, त्यात आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर येणारं ऑलिव्ह रिडलेही आहे. पण पहिल्याच प्रवासात हे सगळं कोंबू नका.

नववी पायरी : काय करायचं नाही

रस्त्याकडेला टांगलेलं जंगली मांस विकत घेऊ नका, चवीपुरतंही नाही, आणि जेवणात काय आहे हे आधी विचारा. दोरीला बांधलेलं माकडाचं पिल्लू दिसलं तर दया येऊन पैसे देऊ नका. तुम्ही दिलेल्या पैशातून पुढच्या पिल्लाची शिकार होते. जागा आणि वेळ टिपून टाकुगामाला कळवा. खवले मांजराचे खवले, हस्तिदंत, कासवाची पाठ यांपैकी काहीही पिशवीत आलं तर तो दोन्ही देशांत गुन्हा आहे.

टिमने पोपटाचंही तसंच. आफ्रिकन ग्रेचा हा गडद रंगाचा भाऊबंद संकटग्रस्त आहे, आणि जंगलातून धरलेल्या या पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 पासून बंदी आहे. मुंबई-पुण्यात आफ्रिकन ग्रे हौसेने पाळले जातात. 2022 च्या वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अशा पक्ष्यांची नोंदणी करावी लागते. आपल्या ओळखीत कुणी पाळत असेल, तर त्यांना हे सांगा.

सर्दी-खोकला असेल तर माकडं-चिंपांझींच्या जवळपासही जाऊ नका. आपली साधी सर्दी चिंपांझींच्या कळपात जीवघेणी ठरू शकते. एरवीही किमान 10 मीटर अंतर ठेवा, आणि चिंपांझींच्या बाबतीत मास्क लावा.

परतल्यावर

तुमच्या नोंदी कामाच्या आहेत. पक्ष्यांची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, ठसे आणि विष्ठेचे फोटो तारखेसह गोला किंवा तिवाईच्या लोकांना पाठवा. फोटो सगळ्यांसाठी टाकण्याआधी त्यातली जागेची माहिती काढून टाका. पिकाथार्टीसच्या कातळाचं आणि पाणघोड्याच्या वाटेचं नेमकं ठिकाण कुणालाही, मित्रांनाही, देऊ नका. ज्यांना जायचंय त्यांना केनेमाच्या कार्यालयाचा आणि कांबामाच्या वाटाड्यांचा रस्ता दाखवा.